सुरांची रोजंदारी

‘आराधना’ (१९६९) या चित्रपटातलं किशोरकुमारांचं ते पावसाळी रात्रीचं गाणं आठवा. दोन ओळींच्या मधल्या जागेत एक अकॉर्डियन घुटमळत राहतं. ते काढून टाकलं तर रात्र तीच राहील, पण तिच्यातली ओल जाईल. गायक कोण, पडद्यावर कोण, संगीत कुणाचं, हे घरातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, उत्तर येईल. अकॉर्डियन कुणी वाजवलं? इथे बहुतेक जण थांबतात. ते केर्सी लॉर्ड यांनी वाजवलं होतं.

हे गाणं पन्नासहून अधिक वर्षं रेडिओ, कॅसेट, सीडी, टीव्ही आणि मोबाइल असा प्रवास करत वाजतं आहे. अशी गाणी कुणाला ना कुणाला उत्पन्न देतच राहतात. वादकाचा हिशेब मात्र, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, रेकॉर्डिंगच्या दिवशीच मिटायचा.

आता याच कोड्याची दुसरी बाजू पाहू. संगीत आजच्याइतकं मुबलक आणि स्वस्त कधीच नव्हतं. बसमध्ये, स्वयंपाकघरात, व्यायामशाळेत, दुकानात ते सतत चालू असतं. तरीही कुठल्याही वादकाजवळ दहा मिनिटं बसलं की तो सांगतो, काम कमी झालंय. संगीत वाढलं आणि वादकाचं काम घटलं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? हे समजून घ्यायचं तर गाण्यातला पैसा कसा वाहतो, हे पायरीपायरीने पाहायला हवं.

मजुरी आणि वाटा

कोकणात हापूसची कलमं लावायला माणूस बोलावला असं समजा. तो खड्डा खणतो, माती-खत घालतो, कलम नीट उभं करतो, काठीला बांधतो. संध्याकाळी दिवसाचा रोज घेऊन घरी जातो. कलम पुढे पन्नास वर्षं फळ देतं. ते फळ बागेच्या मालकाचं. याच जागी एखादा वाटेकरी असेल, तर दर हंगामात त्याच्या पदरात काही पेट्या पडतात. दोघांचे कष्ट सारखे असतील, पण एकाला मिळाली मजुरी आणि दुसऱ्याला वाटा.

गाण्याच्या धंद्यातही पैसे मिळण्याच्या या दोनच रीती आहेत. रेकॉर्डिंगला बसणाऱ्या वादकाला शिफ्टचे पैसे मिळतात, म्हणजे अमुक तासांच्या सत्राचे. गाणं पुढे चाललं काय आणि पडलं काय, रक्कम तीच. मैफलीची बिदागी किंवा ऑर्केस्ट्राच्या शोचे पैसे हीसुद्धा मजुरीच. दुसरी रीत रॉयल्टीची. गाणं जेव्हा जेव्हा कमावतं, तेव्हा त्यातला ठरलेला हिस्सा मिळतो.

वादकाच्या सगळ्या हालअपेष्टांचं मूळ या भेदात आहे. त्याला पैसे तासांचे मिळतात आणि कमाई गाण्याची होते. गेल्या पन्नास वर्षांत आलेल्या प्रत्येक नव्या यंत्राने त्याचे तास कमी केले आणि गाण्याचं आयुष्य वाढवलं.

एक माइक, साठ माणसं

भारतीय बोलपट १९३१ साली ‘आलम आरा’ने सुरू झाला, आणि १९३५च्या सुमारास पार्श्वगायन आलं. त्यानंतर कित्येक वर्षं गाणं एका सलग टेकमध्ये ध्वनिमुद्रित व्हायचं. गायक, व्हायोलिनवाले, तबला-ढोलक, बासरी, सगळे एकाच वेळी एकाच दालनात. लग्नातल्या ग्रुप फोटोसारखी ही रीत. सगळे त्याच क्षणी हजर हवेत, आणि एकाने डोळे मिटले तर सगळ्यांनी पुन्हा उभं राहायचं. शेवटच्या कडव्यात कुणाचा सूर हलला, की गाणं पहिल्यापासून.

चाळीस-साठ माणसांनी थोड्याशा तालमीनंतर एकसंध वाजवायचं, तर प्रत्येकासमोर लिहिलेले सूर हवेत. संगीतकार बहुधा पेटीवर चाल सांगायचा. ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवणारा, कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे अरेंजर. इथे गोवा मदतीला आला. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या पिढीतून अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक आणि अरेंजर मुंबईला आले. संगीतकार प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या गाण्यात त्यांनी गुरूचं नावच गुंफून टाकलं.

हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि शिवकुमार शर्मांचं संतूरही याच दालनांत वाजत होतं. पुण्यात प्रभाकर जोग यांचं व्हायोलिन आकाशवाणीवरच्या ‘गीतरामायणा’पासून (१९५५) मराठी भावगीतापर्यंत सगळीकडे ऐकू येत होतं. याच जोगांनी लहानपणी पुण्याच्या वाड्यांत सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर वाजवलेलं होतं.

त्या काळी वादकांना काम भरपूर होतं. याचं कारण निर्माते उदार होते असं नाही. मोठा आवाज हवा तर माणसं मोठ्या संख्येने बसवावीच लागत. दुसरा इलाजच नव्हता.

ग्रुप फोटोची रांगोळी झाली

मग मल्टिट्रॅक आलं. यात प्रत्येक वाद्य ध्वनिफितीच्या वेगळ्या पट्टीवर, वेगळ्या वेळी मुद्रित करता येतं आणि नंतर सगळ्या पट्ट्या एकत्र मिसळता येतात. ग्रुप फोटोची जागा रांगोळीने घेतली. आज ठिपके, उद्या रेषा, परवा रंग. कुणालाही एका वेळी हजर राहायची गरज उरली नाही. शिवाय चार व्हायोलिनवाल्यांनी तोच तुकडा तीनदा वाजवला, की बाराजण बसल्यासारखा भरणा होतो. आठ माणसांची शिफ्ट वाचली.

पुढची पायरी १९८३ साली आली. त्या वर्षी ‘मिडी’ नावाची सांकेतिक भाषा बाजारात आली. वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि संगणक त्या भाषेत एकमेकांना सांगू शकतात, की कोणता सूर, किती जोरात, किती वेळ वाजवायचा. तिच्या जोडीला सॅम्पलर होता. सॅम्पलर म्हणजे खऱ्या वाद्याचा एकेक सूर मुद्रित करून साठवणारं आणि पट्टी दाबली की तो पुन्हा ऐकवणारं यंत्र. तुमची सही एकदा घेतली आणि तिचा रबरी शिक्का बनवला, की पुढच्या हजार कागदांना तुम्हाला बोलवावं लागत नाही. सॅम्पलर हा आवाजाचा रबरी शिक्का आहे.

‘रोजा’ (१९९२) पासून ए. आर. रेहमान यांनी घरच्या स्टुडिओत, थरावर थर चढवत गाणं किती सुंदर घडू शकतं हे दाखवलं. त्यांनी वादक संपवले नाहीत, उलट अनेक उत्तम वादकांना पुढे आणलं. पण ती पद्धत सर्वत्र पसरली, तेव्हा ज्यांच्याकडे तेवढी दृष्टी नव्हती त्यांनी फक्त बचत उचलली. चाळीस व्हायोलिनं हवीत कशाला, एक की-बोर्डवाला पुरे.

गावोगावच्या ऑर्केस्ट्रांमध्येही हेच घडलं. ढोलक, तबला, काँगो, साइड ऱ्हिदम यांच्या जागी एकट्या माणसाचा ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, आला. पुढे कराओके ट्रॅक आले. आता हौशी गायकांच्या कार्यक्रमात मंचावर गायक असतात आणि साथीला लॅपटॉप. प्रेक्षक टाळ्या वाजवतात ते खऱ्या साथीला. फक्त ती साथ कुणीतरी, कधीतरी, एकदाच वाजवलेली असते.

तीनताल घाईने वाजवून भागत नाही

यंत्र तर प्रत्येक धंद्यात आलं. मागावरचा विणकर पूर्वी दिवसाला काही वार कापड काढायचा, यंत्रमागावर तो कितीतरी पट जास्त काढतो. मग संगीतातच अडचण का?

याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली मांडलं. दीड-दोनशे वर्षांपूर्वी चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला आजही चारच वादक लागतात, आणि वेळही तेवढाच लागतो. आपल्याकडे बघा. विलंबित ख्यालाला साथ करणारा तबलजी ‘आज तासात दुप्पट ठेके देतो, दुप्पट पैसे द्या’ असं म्हणू शकत नाही. दुप्पट लयीत वाजवलं तर ते काम दुप्पट होत नाही, संगीतच बिघडतं.

बाकीच्या धंद्यांत एका माणसाच्या हातून निघणारं काम वाढतं, म्हणून पगार वाढतात. पगार वाढले की घरभाडं, शाळेची फी, डॉक्टर, सगळं महागतं. वादकाला त्याच बाजारात जगायचं असतं, पण त्याच्या तासाचं उत्पादन वाढत नाही. त्याचं मानधन वाढवायचं तर तिकीट महाग करावं लागतं, आणि तिकीट महागलं की आयोजक म्हणतो, तबलजी एकच ठेवू, हार्मोनियमऐवजी ट्रॅक लावू. यालाच बॉमोलचा ‘खर्चाचा आजार’ म्हणतात. यात वादकाचा आळस नाही की श्रोत्याचा कोतेपणा नाही. माणसाने माणसासमोर बसून करण्याच्या प्रत्येक कामाला हा आजार जडतो.

यावर एकच मार्ग उरतो. जिवंत कार्यक्रमाचे तास वाढवता येत नाहीत, पण मुद्रित झालेलं वादन कोट्यवधी वेळा ऐकवता येतं. म्हणजे खरी वाढ मुद्रणात आहे. वादकाला त्या वाढीत वाटा मिळाला, तर आजार आटोक्यात येईल. मिळतो का, ते पाहू.

मोबाइलवरच्या गाण्याचा रुपया

पुष्कळ लोकांना वाटतं, आपण गाणं लावलं की ठरावीक पैसे थेट त्या कलावंताला जातात. तसं होत नाही. गाणी ऐकवणाऱ्या बहुतेक सेवांमध्ये महिन्याची सगळी वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका मोठ्या हंड्यात जमतात. साधारण एक-तृतीयांश सेवा स्वतःकडे ठेवते. उरलेली रक्कम, त्या महिन्यात एकूण किती गाणी वाजली आणि त्यांत कुणाची किती, या प्रमाणात वाटली जाते.

एक छोटं गणित करू. सेवेचा वाटा क्षणभर बाजूला ठेवू. समजा दोनच ग्राहक आहेत आणि दोघेही महिन्याला १०० रुपये भरतात. आजोबा महिन्यात २० वेळा नाट्यसंगीत ऐकतात. नातू दिवसभर कानात गाणी घालून ९८० वेळा नवी गाणी ऐकतो. हंड्यात २०० रुपये, एकूण ऐकणं १,०००, म्हणजे प्रत्येक वेळेला २० पैसे. नाट्यसंगीताच्या वाट्याला आले ४ रुपये. आजोबांनी एकही नवं गाणं ऐकलं नाही, तरी त्यांच्या शंभरातले ९६ रुपये नातवाच्या आवडीकडे गेले.

दुसरी पद्धत अशी, की प्रत्येक ग्राहकाचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच द्यायचे. तिच्यात आजोबांचे १०० रुपये नाट्यसंगीताला गेले असते. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये अशी पद्धत सुरू केली, पण मोठ्या सेवांमध्ये हंड्याचीच रीत चालते. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याला त्या हिशेबातून काहीच मिळत नाही. आपल्याआपण ध्वनिमुद्रण करून गाणी चढवणाऱ्या नवख्या सतारियाला हा उंबरा उंच पडतो.

हंड्यातून निघालेले पैसे मुख्यतः रेकॉर्ड कंपनीकडे जातात, आणि एक भाग गीतकार-संगीतकारांच्या हक्कांपोटी निघतो. शिफ्टवर बोलावलेल्या वादकाचं नाव या यादीत सहसा नसतंच. गाणं दहा वेळा वाजो की दहा कोटी वेळा, त्याचा हिशेब केव्हाच मिटलेला असतो.

मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि याचा अर्थ सगळ्यांना उघड दिसला. मैफली, लग्नं, उत्सव एका रात्रीत थांबले. महाराष्ट्रातली नाट्यगृहं तर दुसऱ्या लाटेनंतर २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. लोक घरात बसून गाणी ऐकतच होते. ज्यांचा गाण्यात वाटा होता त्यांचं थोडंफार चालू राहिलं, आणि ज्यांची फक्त रोजंदारी होती त्यांची चूल थंडावली.

एका गाण्याचे तीन हक्क

कायदा एका मुद्रित गाण्यात तीन वेगळे हक्क पाहतो. घराचं उदाहरण घेऊ. नकाशा आखणारा एक, घर बांधून मालकी घेणारा दुसरा, आणि प्रत्यक्ष विटा रचणारा तिसरा.

पहिला हक्क शब्दांचा आणि चालीचा, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. त्यामुळे बरेच जण एकरकमी पैसे घेऊन मोकळे होत. २०१२च्या दुरुस्तीने हे बदललं. आता गीतकार-संगीतकाराने करारावर सही केली तरी त्याचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. ही दुरुस्ती व्हावी म्हणून जावेद अख्तर यांनी मोठा पाठपुरावा केला होता.

दुसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा. तो सहसा कंपनीकडे असतो आणि प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतो.

तिसरा हक्क सादर करणाऱ्याचा. भारतीय कायद्यात तो १९९४च्या दुरुस्तीने आला, म्हणजे १९६९ साली वाजलेल्या त्या अकॉर्डियनला असा हक्क नव्हताच. आज तो ५० वर्षांचा आहे, आणि २०१२ नंतर व्यापारी वापरासाठी सादर करणाऱ्याला रॉयल्टीचा अधिकार आहे. कायद्याच्या व्याख्येत गायकाबरोबर वादकही आहे. गायकांनी २०१३ साली हक्कवसुलीसाठी ‘इस्रा’ ही संस्था उभी केली, आणि पुढे तिने वादकांनाही सामावून घेत ‘इसाम्रा’ हे नाव घेतलं.

मात्र याच व्याख्येत एक बारीक अट आहे. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने बहुतांशी ‘सादर करणारा’ ठरत नाही. गाण्याचा आत्मा असलेलं वादन प्रासंगिक कसं म्हणायचं, असा युक्तिवाद करता येतो आणि तो करायलाच हवा. पण नाव न छापण्याचा जुना रिवाज हा इथे वादकाच्या हक्काविरुद्ध वापरता येईल असा पुरावा होऊन बसतो.

इतरांनी काय केलं?

अमेरिकेत १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तबकड्यांमुळे जिवंत वादनाचं काम जात होतं, ही त्यांची तक्रार. दोनहून अधिक वर्षं मोठ्या कंपन्या ताठर राहिल्या आणि अखेर विक्रीतला हिस्सा वादकांच्या निधीत द्यायला तयार झाल्या. आज तिथे इंटरनेट आणि उपग्रह रेडिओवरून गोळा होणाऱ्या रॉयल्टीतले ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला आणि ५ टक्के मागे वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी राखलेले असतात.

युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वरून ७० वर्षांवर नेला. त्याच वेळी अट घातली, की वाढीव वर्षांतल्या ठरावीक कमाईचे २० टक्के, एकरकमी पैसे घेऊन गेलेल्या सत्र-वादकांसाठी बाजूला काढायचे. या रकमा कुणाला श्रीमंत करत नाहीत. पण कलम लावणाऱ्याचं झाडाशी असलेलं नातं कायद्यात लिहिता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं.

> थोडक्यात
> • वादकाला सहसा तासांचे पैसे मिळतात. गाणं मात्र दशकानुदशकं कमावतं.
> • मल्टिट्रॅक, सॅम्पलर, ऑक्टोपॅड आणि कराओके यांनी वादकाचे तास कमी केले.
> • जिवंत संगीत घाईने ‘उत्पादित’ करता येत नाही, म्हणून ते इतर गोष्टींच्या तुलनेत महाग होत जातं.
> • मोबाइलवरचे पैसे एका हंड्यात जमून ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात. कमी ऐकल्या जाणाऱ्या संगीताला त्यात तोटा होतो.
> • कायद्यात वादकाला हक्क आहे, पण तो मिळवायला लेखी करार आणि छापलेलं नाव लागतं.

नाव लिहिण्यापासून

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं संगीत आलं आहे. हजारो वादकांचं मुद्रित वादन ऐकून यंत्र नवा तुकडा तयार करतं. ही त्याच जिन्याची पुढची पायरी आहे. कुणाच्या वादनातून ते शिकलं, हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर मोबदला मागायचा कुणी आणि कुणासाठी?

म्हणून सुरुवात नावापासून व्हायला हवी. वादकाने प्रत्येक ध्वनिमुद्रणाची तारीख, स्टुडिओ, गाणं आणि वाद्य यांची वही ठेवावी, दोन ओळींचा का होईना लेखी करार मागावा, हक्कसंस्थेत नोंद करावी. निर्मात्याने गाणं चढवताना गायक-संगीतकाराच्या खाली वादकांच्या रकानेही भरावेत. ते रकाने असतात, बहुतेकदा रिकामे राहतात. आयोजकाने पत्रिकेवर तबला आणि हार्मोनियम कुणाचं, हे छापावं. आणि तुम्ही-आम्ही, गाणं आवडलं की विचारावं, हे वाजवलं कुणी?

आज रात्री ते ‘आराधना’मधलं गाणं पुन्हा लावा. घरातल्या लहान मुलाला जवळ बसवा, आणि दोन ओळींच्या मधली ती जागा आली की सांगा, हे केर्सी लॉर्ड. उद्या दुसरं गाणं लागेल तेव्हा ते मूल आपणहून विचारेल, आणि ते कोण? त्या प्रश्नाचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं सापडायला हवं. वादकाचा हिशेब तिथूनच पुन्हा उघडतो.